गोठणबिंदूखालचे बिऱ्हाड

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या कुशीत वसलेल्या बॅन्फ गावाशेजारी, टनेल माउंटन नावाच्या डोंगराच्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाने राखलेला एक विस्तीर्ण तळ आहे, आणि उन्हाळ्यात तेथे तंबूंची व फिरत्या घरांची दाटी होते याचे कोणालाही नवल वाटणार नाही. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवरच्या या तळाचा एक भाग जानेवारीतही उघडा असतो, तेथील जागांना विजेची जोडणी दिलेली असते, आणि पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर उतरलेला असताना मोटारीमागे ओढून आणलेल्या घरात मुलाबाळांसह मुक्काम ठोकून राहणारी माणसे तेथे दरसाल येतात, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला सहजासहजी पटण्यासारखी नाही. कोणी हिमावरून घसरत जाण्याच्या स्कीच्या खेळासाठी येतो, कोणी गोठलेल्या सरोवरांवरून चालण्यासाठी, तर कोणी केवळ त्या प्रचंड निःशब्दतेसाठी. दिवस जेमतेम आठ तासांचा, रात्र सोळा तासांची, आणि त्या रात्रीत ज्याचा आश्रय घ्यावयाचा ते ट्रेलर-घर म्हणजे दीड-दोन इंच जाडीच्या भिंतींची एक हलकी पेटी.

अशा मुक्कामाचा विचार करू लागले म्हणजे पहिला प्रश्न मनात येतो तो उबेचा. आणि हिवाळ्यात प्रथमच बाहेर पडणारी बहुतेक कुटुंबे आपली सारी बुद्धी व पैसा याच एका प्रश्नावर खर्च करतात. परंतु ऊब ही या विद्येतील सोपी बाजू आहे. इंधन पुरेसे असले आणि शेगडी धड असली की एवढीशी खोली वीस मिनिटांत तापते. कठीण आहे ते पाण्याचे शासन. नळीतले पाणी दगड होते, श्वासातले पाणी भिंतीवरून ओघळते, गादीखाली साचते आणि लाकूड कुजविते, छपरावरचे हिम दुपारी वितळून सांध्यांत शिरते व रात्री तेथेच गोठून ते सांधे उचकटते. म्हणून ज्याला पाण्याचा बंदोबस्त साधला त्यालाच हिवाळ्यातला मुक्काम साधला, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे फिरते घर मुळात उन्हाळ्यासाठीच जन्माला आले. ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले वैद्य गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढावयाची प्रशस्त गाडी केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधवून घेतली आणि ते तीतून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले, तेही उन्हाळ्यातच. जर्मनीतील कथा थोडी निराळी आहे. आल्प्सच्या पायथ्याजवळच्या इस्नी गावी आरिस्ट डेटलेफ्स यांच्या घराण्याचा व्यवसाय होता चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनविण्याचा. धंद्यानिमित्त त्यांची सतत भ्रमंती चाले, आणि त्यांच्या सहचारिणी फ्रिडेल एडेलमान या चित्रकार असल्यामुळे सोबत राहून चित्रे काढता येतील अशी चाकांवरची खोली त्यांना हवी होती. ती १९३१ साली सिद्ध झाली, आणि तिच्यातूनच तेथील चाकांवरच्या घरांच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या, उद्योगाचा आरंभ झाला. अमेरिकेत त्याच दशकात वॉली बायम यांनी विमानाच्या धर्तीवर रिव्हेटांनी जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे ‘एअरस्ट्रीम’ काढले. पुढे दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील मजुरांची राहण्याची सोय करण्यासाठी अमेरिकन सरकारने हजारो ट्रेलर खरेदी केले, आणि १९४७ साली एडमंटनजवळ लेडुक येथे खनिज तेल लागल्यावर अल्बर्टाच्या उत्तरेकडील अरण्यांत विहिरी खणणाऱ्या कामगारांनाही अशाच हलत्या खोल्यांतून भर हिवाळा काढावा लागला. आज जी विद्या हौशी प्रवासी मिरवितात तिचा पुष्कळसा भाग अशा माणसांनी नाइलाजाने आत्मसात केलेला आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

आता घराच्या रचनेकडे वळू. कॅनडातील साध्या राहत्या घराच्या लाकडी चौकटीची भिंत सुमारे सहा इंच जाड असते व तिच्या पोकळीत उष्णतारोधक तंतू ठासून भरलेले असतात. ट्रेलरला ही चैन परवडत नाही, कारण त्याचा प्रत्येक किलो मोटारीला घाटातून ओढावा लागतो. त्यात पुष्कळ ट्रेलरांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो, आणि हा धातू लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. भिंतीत फोमचे कितीही चांगले थर घातले तरी या धातूच्या बरगड्या बाहेरची थंडी सरळ आतल्या पृष्ठापर्यंत आणून पोहोचवितात. याचा दाखला पाहावयाचा असेल तर कडाक्याच्या रात्रीनंतर पहाटे आतल्या भिंतीवर हातबत्तीचा तिरपा प्रकाश टाकावा. कोरड्या भिंतीवर ठरावीक अंतराने ओलसर पट्टे उभे दिसतात. प्रत्येक पट्ट्याच्या मागे एक बरगडी असते, आणि भिंत न उकलता साऱ्या सांगाड्याचा नकाशा त्या दवावरून काढता येतो. स्क्रूच्या प्रत्येक डोक्यावर मोहरीएवढा पांढरा कण बसलेला असतो, तो गोठलेल्या दवाचा. खिडकीच्या खालच्या खाचेत पाण्याची बारीक कांडी गोठून बसलेली असते, आणि पलंगाचा कोपरा उचलून पाहिला तर गादीच्या पोटाखालच्या प्लायवूडवर निजलेल्या माणसाच्या देहाएवढा काळसर ओला डाग आढळतो. हा डाग दोन-तीन रात्री तसाच राहिला की त्यावर बुरशी धरते.

हे पाणी येते कोठून? ते माणसे आणतात. निजलेला मनुष्य श्वास व त्वचा यांवाटे तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडीत असतो, म्हणजे चौघांचे कुटुंब एका रात्रीत लिटरभराहून अधिक पाणी त्या बंद पेटीत ओतते. त्यात ओले हातमोजे, बुटांना चिकटून आलेले हिम आणि स्वयंपाक यांची भर. कॅलगरी-एडमंटनकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनी तर येथे विशेष लक्ष द्यावे, कारण वरणभाताच्या कुकरच्या चार शिट्या आणि सकाळ-संध्याकाळ उकळणारा चहा एवढ्यानेही खिडक्या वाहू लागतात. शिवाय गॅसची ज्योत स्वतःच पाणी निर्माण करते: प्रोपेनमधील हायड्रोजनचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला म्हणजे त्याची वाफ होते, आणि हिशेब केला तर एक किलो प्रोपेन जळून सुमारे १.६ लिटर पाणी तयार होते. याच कारणाने, ज्वलनाचे वायू खोलीतच सोडणारी उघडी शेगडी ऊब देते असे वाटत असले तरी तीच ऊब ती भिंतींवर ओलीच्या रूपाने उतरवीत असते.

वीस अंश सेल्सिअस तापमानाची आणि निम्म्या सापेक्ष आर्द्रतेची हवा, जी आपल्याला अगदी सुखावह वाटते, ती नऊ अंशांच्या पृष्ठाला स्पर्श करताच आपल्यातले पाणी टाकू लागते. वैशाखात बर्फ घातलेल्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तद्वतच. ट्रेलरची खिडकी आणि ती धातूची बरगडी नऊ अंशांच्या कितीतरी खाली असते. उपाय काय, असे विचारल्यास अननुभवी मनुष्य सांगेल की सगळ्या फटी बुजवाव्यात. आणि तोच उपाय घातक आहे. उणे वीस अंशांची बाहेरची हवा घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम पाणी धरू शकते, तर आतली वीस अंशांची हवा सतरा ग्रॅमांपर्यंत. म्हणजे बाहेरची हवा, तिच्यात कितीही हिम उडत असो, आत येऊन तापली की वाळवंटातल्या हवेइतकी कोरडी ठरते. म्हणून छपरातला झरोका बोटभर उघडा ठेवून एक खिडकी किंचित सारून ठेवावी. थोडे इंधन अधिक जळेल, पण घर कोरडे राहील. गादी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी, तिच्याखाली हवा खेळेल अशा पट्ट्या घालाव्यात, कपाटांची दारे रात्री उघडी टाकावीत, आणि ओले कपडे निजण्याच्या खोलीत कदापि वाळत घालू नयेत. आल्प्समधील हिवाळी तळांवर बूट व कपडे वाळविण्याच्या तापविलेल्या खोल्या स्वतंत्र बांधलेल्या असतात, आणि तेथील प्रवासी आपल्या कॅरॅव्हॅनच्या दाराशी तीव्र उताराच्या छताचा एक छोटा हिवाळी तंबू जोडतात, ज्यात हिमाने भरलेले सारे सामान राहते. उत्तर अमेरिकेतील प्रवाशांनी ही पद्धत अद्याप म्हणावी तशी उचललेली नाही, ती उचलावी.

फटी न बुजविण्याचे दुसरे कारण प्राणाशीच निगडित आहे. अपुऱ्या हवेत इंधन जळले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक आसक्तीने चिकटतो. डोके जड होणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे दिवसभर हिमात भटकून आलेल्या माणसाला श्रमाची वाटतात, तो निजतो आणि उठत नाही. ट्रेलरमधील मूळची भट्टी त्या मानाने सुरक्षित असते, कारण ती जाळण्याची हवा बाहेरून घेते आणि धूरही बाहेरच सोडते. तरी तिचे धुराचे तोंड रात्रीच्या हिमवर्षावात बुजले नाही ना, हे निजण्यापूर्वी आणि उठताच पाहिले पाहिजे. स्वयंपाकाची शेगडी उबेसाठी पेटती ठेवून निजणे हा तर गुन्हाच मानावा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू स्थितीत नसेल तर त्या रात्रीचा मुक्काम रद्द करावा.

इंधनाचाही हिशेब आपल्या अंगवळणी पडलेल्या प्रमाणांहून फार वेगळा आहे. मध्यम आकाराच्या ट्रेलरची भट्टी साधारण ९ किलोवॅटची असते आणि पूर्ण पेटली असता तासाला सहाशे ग्रॅमांहून थोडे अधिक प्रोपेन घेते. कडाक्याच्या थंडीत ती दिवसाचा निम्मा वेळ पेटती राहिली तर सात-साडेसात किलो गॅस लागतो. आपल्या घरचे १४.२ किलोंचे सिलिंडर, जे चार माणसांच्या संसाराला महिनाभर पुरते, ते तेथे दोन दिवसांत रिकामे होईल. आणि आपले सिलिंडर तेथे चालणारही नाही. आपल्या घरगुती गॅसमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जवळपास, म्हणजे त्याखाली तो टाकीत निव्वळ द्रव होऊन पडून राहतो, उलट प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो. लडाखसारख्या प्रदेशात हिवाळ्यात सिलिंडर जड असूनही शेगडी पेटत नाही, त्याचे कारण हेच. कॅनडात जवळजवळ शुद्ध प्रोपेन वापरतात, परंतु तेथेही उणे ३५-४० च्या आसपास टाकीतला दाब इतका क्षीण होतो की भट्टी गुदमरते. अशा रात्री अर्धी टाकी भरवशाची नसते, भरलेल्या दोन हव्यात.

भट्टीचा पंखा मात्र विजेवर चालतो, आणि विजेची जोडणी नसलेल्या तळावर ती वीज बॅटरीतून येते. शिशाच्या बॅटरीची क्षमता उणे अठरा अंशांवर निम्म्याच्या आसपास राहते. पूर्ण भारित असताना तिच्यातील आम्ल गोठत नाही, पण पुरती रिकामी होईतो वापरलेली बॅटरी शून्याखाली सात-आठ अंशांतच गोठून फुटू शकते. नव्या लिथियमच्या बॅटऱ्या थंडीत वीज देतात, पण शून्याखाली त्या भारित करणे म्हणजे त्यांचा नाश करणे होय. आठ तासांच्या तिरप्या उन्हात, त्यातही हिमाने झाकलेल्या सौर पट्ट्यांवर, फार विसंबून राहू नये.

आता नळीतल्या पाण्याकडे येऊ, कारण अधिकांश सहली तेथेच मोडतात. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे नऊ टक्के वाढते हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. परंतु नळी फुटते ती बर्फाचा खडा जेथे धरला तेथेच, असा जो समज आहे तो बहुधा खरा नसतो. बर्फ वाढत वाढत पुढे सरकतो, त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्ये सापडलेल्या द्रव पाण्यावर दाब येतो, आणि त्या दाबाने जेथे दुर्बलता असेल तेथे, म्हणजे पंपाच्या कवचाला, गाळणीच्या भांड्याला अथवा एखाद्या जोडाला तडा जातो. गोठलेल्या अवस्थेत तो दिसत नाही. ऊन पडले, बर्फ वितळला, की मग गळती सुरू होते, आणि दोन दिवसांनी मुक्काम हलवून घरी परतलेल्या माणसाला ट्रेलरची जमीन भिजून फुगलेली आढळते. रात्री निजताना तोटी किंचित उघडी ठेवण्याचा शिरस्ता आहे तो हा दाब मोकळा व्हावा म्हणून.

टाकीचे तसे नाही. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते, आणि ती थोडी नव्हे: १५० लिटरची टाकी पूर्ण गोठण्यासाठी तिच्यातून जितकी उष्णता निघून जावी लागते तितकी एक किलो प्रोपेन जाळल्याने मिळते. त्यामुळे भरलेली टाकी दोन-चार दिवस तग धरते, पण तिच्यापासून पंपापर्यंतची बोटभर जाडीची नळी एका रात्रीत गोठते. यावरूनच अनुभवी लोकांचा क्रम ठरलेला आहे: तळावरच्या नळाला नळी रात्रभर जोडून ठेवायची नाही, दुपारी टाकी भरून घ्यायची, नळी निथळून गुंडाळून ठेवायची, आणि घराच्या पोटातूनच पाणी वापरायचे. सांडपाण्याच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवणे हेही चुकीचे, कारण थेंबथेंब वाहणारे पाणी बाहेरच्या नळीत थरावर थर गोठत जाते. झडप बंद ठेवून टाकी भरत आली की एकदम सोडावी. आणि ज्याला हा सारा खटाटोप नको त्याने नळ्या कोरड्या करून त्यांत प्रोपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण भरावे व पिण्याचे पाणी डब्यांतून न्यावे. मोटारीच्या रेडिएटरमधील एथिलीन ग्लायकॉल विषारी असते, ते चुकूनही पिण्याच्या नळ्यांत जाता कामा नये.

येथे एक सूक्ष्म धोका आहे आणि तो विजेची सोय असलेल्या तळावरच उद्भवतो. फुकट वीज आहे म्हणून प्रवासी लहानसा विजेचा हीटर खोलीच्या मधोमध लावतो; खोली उबदार होते, तापमापकाला समाधान वाटते, भट्टी पेटत नाही. परंतु चांगल्या हिवाळी ट्रेलरमध्ये जमिनीखालच्या बंद पोटातील टाक्या व नळ्या ज्या गरम हवेने जिवंत राहतात ती भट्टीच्याच नळकांड्यांतून येत असते. परिणामी वर माणसे सदऱ्यावर बसलेली आणि खाली नळ्या गोठलेल्या, अशी स्थिती होते. हीटर जरूर लावावा, पण भट्टीला तासातासाला पेटावे लागेल अशा बेताने.

बाहेरचे हिम शत्रूच असते असे नाही. ताज्या भुसभुशीत हिमात नऊ-दशांश हवा असते आणि म्हणून ते उत्तम उष्णतारोधक ठरते. ट्रेलरच्या खालून सुसाटणारा वारा हा खरा चोर. त्याला अडविण्यासाठी जमिनीपासून तळापर्यंत चोहोबाजूंनी ताडपत्रीचे अथवा फोमच्या पाट्यांचे परकर लावतात, आणि त्यावर बाहेरून हिम लोटून बांध घालतात. मग खालच्या कोंडलेल्या हवेला जमिनीची थोडी ऊब मिळते आणि तळाचे तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर राहते. छपरावरचे हिम मात्र साफ करावे, विशेषतः रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा उष्ण वारा उतरण्याचे चिन्ह असेल तेव्हा. तो काही तासांत तापमान वीस अंशांनी वर नेतो, सारे छप्पर वाहू लागते, आणि वारा ओसरला की तेच पाणी दाराच्या रबरात व ट्रेलरमधून बाहेर सरकविता येणाऱ्या खोलीच्या सांध्यांत गोठून बसते. चाकांखालीही लाकडी फळ्या घालाव्यात, नाहीतर ती जमिनीला चिकटतात. आणि युरोपीय कॅरॅव्हॅनला जो हातब्रेक असतो तो ओढून न ठेवता चाकांना पाचरी लावाव्यात, कारण गोठलेला ब्रेक सुटत नाही.

ज्या मराठी कुटुंबांची मुलेबाळे आज अल्बर्टात वा ओंटारिओत आहेत आणि जी हिवाळ्यात तिकडे जाऊन असा मुक्काम करू इच्छितात, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की पहिली रात्र डोंगरात काढू नये. नगरपालिकेच्या नियमांत बसत असेल तर घरासमोरच्या अंगणात, पारा उणे पाच-सातच्या आसपास असताना, सर्वांनी ट्रेलरमध्येच जेवावे, निजावे, पाणी वापरावे, आणि सकाळी गादी उचलून पाहावी. कोणती नळी गोठते, किती गॅस लागतो, दव कोठे धरते, हे त्या रात्रीत कळते. आणि काही अडले तर राहत्या घराचे दार दहा पावलांवर असते.